राखाडी, काळी की निळी?

शुक्रवार, २६ सप्टेंबर २०२५. रात्री साडेनऊला ताईंचा फोन आला.

"भाऊ, एक साडी हातात आहे. अ‍ॅप म्हणते ग्रे, सासूबाई म्हणतात काळी, पोरगी पुण्याहून म्हणते निळी. नेसू का ठेवून देऊ?"

ऐकणाऱ्याला हसू येईल. पण दुसऱ्या दिवशी शनिवार होता, म्हणजे नवरात्रातला राखाडीचा दिवस. महिन्यातला चौथा शनिवार असल्याने बँकेला सुट्टी होती, म्हणून वस्तीतल्या बायकांनी गाडी करून नागपूरजवळच्या कोराडीच्या जगदंबेला जायचं ठरवलं होतं. सगळ्यांनी राखाडी नेसायची, सासूबाईही सोबत. राखाडीऐवजी दुसराच रंग निघाला असता तर फोटोत थोडं वेगळं दिसलं असतं, एवढंच. पण राखाडी म्हणून नेसलेली साडी काळी निघाली असती, तीही देवीच्या दारात, तर त्या घरात ती गोष्ट पुढच्या नवरात्रापर्यंत चघळली गेली असती.

मी दृष्टिहीन माणसांना स्मार्टफोन शिकवतो. मी स्वतः जन्मांध आहे. रंग हा माझ्यासाठी निव्वळ शब्द आहे, एखाद्या न पाहिलेल्या गावाच्या नावासारखा. ताईंचं तसं नाही. त्यांची दृष्टी चाळिशीत काचबिंदूने गेली, आता फक्त उजेड-अंधार कळतो. त्यामुळे आमच्या शिकवणीत एक उलटाच प्रकार असतो: अ‍ॅप कसं धरायचं ते मी सांगतो आणि अ‍ॅपने उच्चारलेला शब्द कसा दिसतो ते त्या मला सांगतात. त्यांच्या परवानगीने हे लिहितो आहे, नाव तेवढं गाळलं आहे.

ताई नागपूरच्या महाल भागातल्या जुन्या घरात राहतात आणि सरकारी बँकेच्या शाखेत काम करतात. ऑगस्टपर्यंत कपड्यांचा प्रश्न नव्हता, कारण सकाळी मुलगी साडी काढून द्यायची. मुलगी शिकायला पुण्याला गेली आणि ते खातं उघडं पडलं. यजमान घरीच असतात, पण साडीचा रंग विचारला की त्यांचं उत्तर ठरलेलं: "चांगली आहे." म्हणून मोबाइलवरची रंग ओळखणारी अ‍ॅप शिकायला त्या माझ्याकडे आल्या.

अशा अ‍ॅपांची आता वानवा नाही. मायक्रोसॉफ्टचं सीइंग एआय २०१७ मध्ये आयफोनवर आलं आणि डिसेंबर २०२३ मध्ये अँड्रॉइडवर. मजकूर वाचणं, नोटा ओळखणं यांसोबत त्यात रंग सांगायचीही सोय आहे. फक्त रंगच सांगणारी लहान अ‍ॅप वेगळी. काही अ‍ॅप लाल, हिरवा, करडा अशी मोजकी नावं सांगतात, तर काही शेकडो नावांची यादी बाळगून असतात आणि तुमच्या पेटीकोटाला परदेशातल्या एखाद्या फुलाचं नाव देऊन मोकळी होतात. ताईंच्या फोनवर दोन-तीन अ‍ॅप आहेत. त्या रात्री "ग्रे" कोणतं म्हणालं ते मुद्दाम लिहीत नाही. चूक अ‍ॅपपर्यंत पोचायच्या आधीच, कॅमेऱ्यात झाली होती.

तीन साक्षीदार

फोनवर मी आधी एवढंच विचारलं की खोलीत कोणता दिवा लागला आहे. "पिवळा. घराचं काम केलं तेव्हा पोरीनं लावून घेतला, घर छान दिसते म्हणाली." दुसरा प्रश्न, फोन साडीपासून किती लांब धरला होता? "टेकवलाच होता जवळजवळ. दुसरं काही मधात येऊ नये म्हणून."

एवढ्यावर अ‍ॅपची साक्ष कमजोर झाली.

कॅमेऱ्याला रंग कळत नाही, फक्त प्रकाश मोजता येतो. त्याच्या सेन्सरवर चार-चार ठिपक्यांचे गट असतात. प्रत्येक गटात दोन ठिपके हिरव्या काचेखाली, एक लाल आणि एक निळ्या काचेखाली. ही मांडणी कोडॅक कंपनीच्या ब्राइस बायर यांची, १९७६ च्या पेटंटची, आणि आजही बहुतेक फोनांत तीच किंवा तिचीच सुधारलेली आवृत्ती चालते. त्यातून अ‍ॅपला लाल, हिरवा, निळा असे तीन आकडे मिळतात, प्रत्येक ० ते २५५ मधला. म्हणजे १ कोटी ६७ लाखांवर जोड्या. त्यातली एक जोडी उचलून अ‍ॅप जवळचं नाव शोधतं आणि बोलतं.

पण ते तीन आकडे अ‍ॅपच्या हाती पडायच्या आधी कॅमेरा त्यांत दोनदा हात घालतो. पहिल्यांदा उजेडाचा मेळ बसवायला. समोरचं दृश्य सरासरीने मध्यम करड्या उजळपणाचं असणार, असं गृहीत धरून तो फोटो उजळतो किंवा मंद करतो. अंगण, माणसं, झाडं समोर असली तर ते गृहीत बरोबर ठरतं. पण चौकट भरून नुसतं काळं कापड धरलं, तर कॅमेऱ्याला वाटतं अंधार पडला आहे. मग तो ते उजळवत उजळवत करड्यापर्यंत आणतो. पांढऱ्या साडीलाही तो असाच करड्यापर्यंत खाली ओढतो. राखाडीच्या दिवशी हा फार खोडसाळ प्रकार आहे: काळीही ग्रे, पांढरीही ग्रे.

दुसऱ्यांदा तो दिव्याच्या छटेची भरपाई करायला जातो. पिवळसर दिवा साधारण २७०० केल्विनचा असतो, दुपारचा उजेड साडेपाच-सहा हजारांचा. आकडा जितका खाली, तितका प्रकाशात निळा कमी. गडद निळ्या कापडाने परत पाठवायचा तो निळा, आणि दिव्यात तोच नाही, तर कापड पाठवणार काय? अशा उजेडात नेव्ही ब्लू आणि काळा ही सख्खी भावंडं होतात. कॅमेरा भरपाई करायचा प्रयत्न करतो, पण चौकटीत एकच रंग असला की दिव्याची छटा कोणती आणि कापडाची कोणती, हे त्याला सुटं करता येत नाही.

ताईंना हे सगळं त्या रात्री सांगितलं नाही. एवढंच म्हणालो, "ताई, आत्ताच्या उजेडात हे अ‍ॅप काळी, निळी आणि राखाडी, तिन्हीला ग्रे म्हणू शकतं. त्याचं ऐकू नका."

दुसरी साक्ष सासूबाईंची. त्या मागे होत्याच. "काळी होय वं ते. माह्या डोळ्याले दिसते नं अजून!" दिसतं त्यांना, पण मोतीबिंदू आहे आणि ऑपरेशन दिवाळीनंतरवर टाकलं होतं. मोतीबिंदूत डोळ्यातलं भिंग पिवळसर, पुढे तपकिरी होत जातं आणि निळा प्रकाश अडवतं. म्हणजे पिवळ्या दिव्याने खाल्लेला निळा, त्यात जो उरला तो भिंगाने खाल्लेला. त्यांनी काळी म्हणावं यात त्यांचा दोष नव्हता, पण ही साक्षही धरता येईना. हे त्यांना कोण सांगणार? ताई म्हणाल्या, "मी तर नाही सांगत बाप्पा."

तिसरी साक्ष मुलीची, व्हिडिओ कॉलवरची. डोळे चांगले, पण ती जे पाहत होती ते त्याच कॅमेऱ्याने, त्याच दिव्यात टिपलेलं. तिने स्वतःच सांगितलं होतं की निळसर वाटतंय, पण स्क्रीनवर काही खरं नाही. तिघांत हीच साक्ष मला सगळ्यात प्रामाणिक वाटली.

आणि ताईंची स्वतःची आठवण? ही साडी भावाने राखीला दिलेली, दृष्टी गेल्यानंतरची. हात लावला की पोत कळतो, काठ कळतो, वजन कळतं. रंगाची नोंद डोक्यात कधी झालीच नव्हती.

पाचशेची नोट

मी माझ्या विद्यार्थ्यांना नेहमी पांढऱ्या कागदाची युक्ती सांगतो. अर्ध्या चौकटीत कागद, अर्ध्यात कापड, आणि मध्यबिंदू कापडावर. कागदामुळे कॅमेऱ्याला पांढरं म्हणजे काय ते कळतं आणि दोन्हीकडचे घोळ बरेच कमी होतात. रात्री तेच सांगायला गेलो, तर ताईंनी मधेच तोडलं. "भाऊ, कागद कशाला? पाचशेची नोट घेऊ का? तिचा रंग राखाडीच आहे."

पंचवीस वर्षं बँकेत काढलेल्या बाईलाच हे सुचावं. रिझर्व्ह बँकेने नव्या मालिकेतल्या प्रत्येक नोटेला मूळ रंग ठरवून दिला आहे: ५०० ची दगडी करडी, २०० ची भडक पिवळी, १०० ची लव्हेंडर म्हणजे फिकट जांभळी, ५० ची चमकदार निळी, २० ची हिरवट पिवळी, १० ची चॉकलेटी. आणि नोट कोणती ते ताईंना बोटांनी कळतं. २०० ची नोट १०० च्या नोटेपेक्षा ४ मिलिमीटर लांब, ५०० ची त्याहून आणखी ४. कडेला उठावाच्या तिरप्या रेघा असतात: १०० वर चार, २०० वर चार रेघा आणि मधे दोन वर्तुळं, ५०० वर पाच. म्हणजे रंगांची एक पट्टी ताईंच्या पर्समध्ये कायम पडून होती, तीही हाताने वाचता येणारी.

माझं मत सांगतो: रंगाचं माप म्हणून नोट फार चांगली नाही. तिच्यावर चित्र आहे, अक्षरं आहेत, वॉटरमार्कची फिकी जागा आहे. फोन बोटभर सरकला की उत्तर बदलतं. नोट मळलेली असेल तर विचारूच नका. पण उजेडाची परीक्षा म्हणून ती फर्स्ट क्लास आहे. १०० ची आणि २०० ची नोट शेजारी ठेवून अ‍ॅपला विचारायचं. त्याने एकीला जांभळी आणि दुसरीला पिवळी म्हटलं तर उजेड भरवशाचा. त्यांतच गडबडलं तर साडीकडे फोन न्यायचाच नाही.

ताईंनी लगेच करून पाहिलं. २०० ची नोट: येलो. १०० ची: ब्राउन. "चला," त्या म्हणाल्या, "शंभराचीच नोट ओळखत नाही, साडी काय ओळखते." टॉर्च लावून पाहिला. साडीत रेशमाचा धागा असल्याने टॉर्च चकाकला आणि अ‍ॅप एकदा ब्लॅक, एकदा ग्रे, एकदा चक्क व्हाइट म्हणालं. सुती कापडाला अंधारात टॉर्च छान चालतो, कारण तेव्हा खोलीतला दुसरा दिवा लुडबुड करत नाही. रेशमाला तो चालत नाही.

ठरलं ते असं: सकाळी गच्चीवर. थेट उन्हात नाही, सावलीत. फोन वीतभर वर, साडीच्या तीन-चार घड्या घालून, म्हणजे खालची फरशी आरपार दिसणार नाही. स्वतःची सावली साडीवर पडू द्यायची नाही (हे आम्हा लोकांना सांगावं लागतं, पाठीला ऊन लागतं म्हणजे सावली समोर पडते, एवढी खूण पुरते). आणि एकदा विचारून थांबायचं नाही, साडीच्या तीन जागी विचारायचं.

गच्ची

शनिवारी सकाळी पावणेनऊला ताईंनी मला पुन्हा फोन लावला आणि टॉकबॅकचा, म्हणजे स्क्रीनवरचं वाचून दाखवणाऱ्या सोयीचा, आवाज ऐकू येईल असा ठेवला. १०० ची नोट: पर्पल. २०० ची: येलो. मग साडी, शेजारी पांढरा कागद. डार्क ब्लू. दुसरी जागा, डार्क ब्लू. तिसऱ्या जागी ब्लॅक, पण तो काठ निघाला. शेजारच्या गच्चीवर वाळवण घालणाऱ्या काकूंना ताईंनी विचारलं. "निळी हाय नं. गडद निळी. काठ काळा हाय. काहून?"

म्हणजे तिन्ही साक्षीदारांत मुलगी बरोबर निघाली आणि काळा काठ म्हणून सासूबाईही अर्ध्या बरोबर. त्यांनी तो अर्धा भाग पुरा धरला, हे ओघानेच आलं.

पण राखाडीचा प्रश्न तसाच होता आणि गाडी दहाला येणार होती. इथे प्रकरणाला दुसरी गाठ होती. ताईंना पक्कं आठवत होतं की त्यांच्याकडे राखाडी सुती साडी आहे, दिसत असताना घेतलेली. आदल्या रात्री त्यांनी कपाटातल्या सगळ्या सुती साड्या अ‍ॅपला दाखवल्या होत्या आणि एकही ग्रे निघाली नव्हती. एक मात्र "लाइट पिंक" म्हणाली होती. "पण माझ्याकडे फिकी गुलाबी सुती साडीच नाही," त्या म्हणाल्या. मी विचारलं, कपाट कुठे आहे? कपाटासमोरची भिंत मुलीने राणी रंगाची करून घेतली होती, 'हायलाइट' म्हणून.

राखाडी हा असा लाचार रंग आहे (हे मला ताईंनीच पुढे समजावलं) की शेजारी जो असेल त्याचा तो होतो. लाल साडीवर गुलाबी भिंतीचा उजेड पडला तरी ती लालच राहते. राखाडीला स्वतःची ओढ कोणत्याच बाजूला नसते, म्हणून भिंतीवरून परतलेला थोडासा गुलाबी उजेडही तिला गुलाबी करून टाकतो. ती साडी गच्चीवर आणली. ग्रे. तीनदा ग्रे. पाचशेची नोट शेजारी ठेवली, तीही ग्रे. ताई नोटेवर खूश झाल्या, मी साडीवर.

कोराडीला त्या राखाडीच नेसून गेल्या.

नंतर

ज्या गोष्टीसाठी रोज सकाळी गच्चीवर जावं लागेल ती गोष्ट कोणी रोज करत नाही. म्हणून दसऱ्यानंतरचे दोन रविवार आम्ही सगळं कपाट एकदाच तपासून काढायला घेतलं. अ‍ॅप प्रत्येक साडीला आयुष्यात एकदाच दाखवायचं, पुढची ओळख बोटांची. खुणा कव्हरवर नकोत, हा ताईंचा आग्रह बरोबर होता: इस्त्रीवाल्याकडून साड्या परत येतात तेव्हा कव्हरं एकमेकांत गेलेली असतात. खूण साडीलाच हवी. कमरेला खोचायच्या टोकाशी, फॉलच्या आतल्या बाजूला सपाट शर्टाची बटणं लावायची ठरली. एक लालाचं, दोन निळ्याची, तीन हिरव्याची. पिवळ्याला ब्लाउजचा हूक. काळ्या-राखाडीला प्रेसबटण. नेसल्यावर यातलं काहीच दिसत नाही आणि टोचतही नाही.

अडचण आली ती नावांची. अ‍ॅप इंग्रजीत बोलतं आणि ताईंच्या डोक्यातले रंग मराठीत आहेत. आमसुली, डाळिंबी, विटकरी, अबोली, पोपटी, शेवाळी, गुलबक्षी, मोतिया. अ‍ॅप एकदा म्हणालं "डार्क रेड", आणि ताईंनी साडी हातात घेऊन, काठ चाचपून सांगितलं, "ही डाळिंबी आहे, लग्नातली." दुसऱ्या एका "डार्क रेड"ला त्या विटकरी म्हणाल्या. दोन्ही पाहून घेतलेल्या होत्या. अ‍ॅपने दिलेला शब्द फक्त कुलूप उघडत होता, आतली वस्तू ताईंची होती. प्रत्येक साडीला त्यांनी आपल्या शब्दांत व्हॉइस नोट केली: काय रंग, कुठला काठ, कोणी दिली, कोणता ब्लाउज. जन्मांध माणसाबरोबर हे असं होणार नाही, मला तर नाहीच. माझ्या शर्टांबद्दल अ‍ॅप जे म्हणेल ते मी दुसऱ्याला तसंच्या तसं सांगतो.

एका साडीने बराच वेळ खाल्ला. अ‍ॅप ग्रीन म्हणे, फोन जरा कलता केला की पिंक, पुन्हा ग्रीन. मी उजेडाला दोष देऊन नोटा काढायला लागलो. ताई हसायला लागल्या. "अहो भाऊ, धूपछाव आहे ती!" उभा धागा एका रंगाचा, आडवा दुसऱ्या, म्हणून बघायच्या कोनाबरोबर रंग बदलतो. अ‍ॅप पूर्णपणे खरं बोलत होतं, आणि चूक शोधत होतो तो मी. काठ आणि नक्षीसाठी आम्ही दृष्टिहीनांसाठीच्या बी माय आइज या अ‍ॅपमधली फोटोचं वर्णन करणारी सोयही वापरून पाहिली. काठावर वेलबुट्टी आहे की मोर, हे ती रंगाच्या अ‍ॅपपेक्षा फार बरं सांगते. पण रंगाच्या बाबतीत तीही त्याच कॅमेऱ्याच्या डोळ्याने पाहते, आणि बोलते मात्र फार ठामपणे.

चाळीसेक साड्यांपैकी एकीचा निकाल अजून लागलेला नाही. अ‍ॅप तिला गच्चीवर कधी ग्रीन म्हणतं, कधी ब्लू. नवरात्रात सोमवारी, २९ तारखेला, मोरपंखीच्या दिवशी ताई हीच नेसून बँकेत गेल्या होत्या. तिथे कोणाची पोपटाकडे झुकलेली, कोणाची आकाशाकडे, आणि प्रत्येकीला आपलीच मोरपंखी खरी वाटत होती, म्हणून ताईंना कोणी काही म्हणालं नाही. दिवाळीत मुलगी घरी आली. तिने साडी खिडकीशी नेऊन पाहिली आणि "रामा कलर" असं सांगितलं. सासूबाई म्हणाल्या निळी. यजमान म्हणाले चांगली आहे.

ताईंनी त्या साडीला पाच बटणं लावली. दोन, मग बोटभर जागा सोडून तीन.